अ‍ॅप स्पर्धेची तारीख आम्ही लगेच का देत नाही

कंपन्यांच्या सॉफ्टवेअरवर अ‍ॅप बनवायच्या स्पर्धा आम्ही भरवून देतो. फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "तारीख कधीची देताय?" आणि दुसरा, "पहिलं बक्षीस किती ठेवू?" तुमचं सॉफ्टवेअर चांगलंय, बाहेरच्या डेव्हलपरांनी त्यावर अ‍ॅप बनवावीत, त्यातली चार पोरं कायमची जोडली जावीत, हे सगळं कळतं. पण तारीख आम्ही शेवटी देतो आणि त्यावरून दरवेळी कुरबुर होते, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

आमचा वेळ आणि तुमचे पैसे एकाच गोष्टीत जातात, पोस्टर आधी फिरतं आणि टेस्ट सर्व्हर, म्हणजे पोरांनी अ‍ॅप जोडून बघायचं मशीन, मागाहून उभा राहतो.

मागे एका होमस्टे बुकिंगवाल्या ग्राहकाच्या घाईला आम्हीही मान डोलावली, तेवढी चूक आमची. शुक्रवारी संध्याकाळी स्पर्धा सुरू. टेस्टची की, म्हणजे सर्व्हरवर आत शिरायचा कोड, द्यायला त्यांच्या एकाच माणसाचं अप्रूव्हल लागायचं आणि तो लग्नाला गुहागरकडे, फोन लागेना. शनिवारी दुपारी की मिळाल्या तर लॉगिन करून परत यायचा पत्ता फक्त एचटीटीपीएसचाच चालत होता, म्हणजे आपल्याच लॅपटॉपवर (लोकलहोस्टला, जिथे पत्ता बहुतेक साधा एचटीटीपीचा असतो) अ‍ॅप चालवणारं पोर तिथंच अडकलं. रात्रभर ग्रुपवर नुसतं "४०१ येतंय", "मला पण ४०१" (म्हणजे ओळख पटत नाही, आत घेत नाही). ते सुटलं तर रविवारी ४२९ (म्हणजे फार कॉल झाले, थांबा) सुरू, कारण मिनिटाला किती कॉल चालतील ती मर्यादा आयपीवर, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यावर, लावलेली आणि अख्खं कॉलेज एकाच वायफायवर. शेवटी जे आलं ते छान छान स्क्रीन आणि आत हाताने टाईप केलेला खोटा डेटा. मालक म्हणाले, "पोरांना काही येत नाय." अहो, पोरं दोन दिवस उंबऱ्यावरच उभी होती.

तेव्हापासून आम्ही रंगीत तालीम घेतल्याशिवाय तारीख देत नाही. तालीम म्हणजे काय, तर तुमचं सॉफ्टवेअर कधी न बघितलेला एक विद्यार्थी, त्याचाच लॅपटॉप, त्याच्याच मोबाईलचं हॉटस्पॉट, आणि आपण सगळ्यांनी मागे गप्प बसायचं (मालकांना हे फार जड जातं). खातं उघडण्यापासून एपीआयकडून (अ‍ॅप तुमच्या सॉफ्टवेअरशी बोलतं तो दरवाजा) पहिलं बरोबर उत्तर येईपर्यंत अर्धा तास. जमलं तर त्याच दिवशी तारीख घ्या, नाही जमलं तर तो कुठे थांबला ते लिहून देतो, तुम्ही दुरुस्त करा, परत बसवू. "आमच्या टीमने चेक केलंय" हे आम्हाला चालत नाही, कारण तुमच्या टीमच्या मशीनवर जुन्या की आधीच पडलेल्या असतात, परवानग्या मिळालेल्या असतात, त्यांना अडचण दिसणार कुठून? याचे पैसे वेगळे का, असं विचारतात. दुसरी तालीम त्यातच धरलेली असते आणि स्पर्धा चालू असताना रात्री दोनला फोन उचलायचा खर्च त्याने वाचतो, तुमचाही.

हे आमचं खूळ नाही. गुगलने नोव्हेंबर २००७ मध्ये अँड्रॉइडसाठी १ कोटी डॉलरची स्पर्धा जाहीर केली तेव्हा अँड्रॉइडचा एकही फोन बाजारात नव्हता, पहिला आला ऑक्टोबर २००८ ला. पण त्याच नोव्हेंबरात एसडीके (अ‍ॅप बनवायची साधनं) आणि इम्युलेटर (कॉम्प्युटरवरचा नकली फोन) लोकांच्या हातात होते, म्हणून फोन नसताना अ‍ॅप बनली. बक्षिसाचंही तिथंच बघा, पहिल्या फेरीत ५० जणांना २५,००० डॉलर प्रत्येकी आणि त्यातल्याच २० जणांना पुढे मोठी रक्कम. एकालाच लाख देऊन बाकीच्यांना सर्टिफिकेट दिलंत तर बाकीचे पुन्हा येत नाहीत, आमचं मत तरी वाटून द्या असंच आहे.

काही जणांना स्मार्ट इंडिया हॅकेथॉनसारखे ३६ तास हवे असतात. माहोल होतो, फोटो छान येतात, पण तुमचा प्लॅटफॉर्म शिकायला तीन-चार आठवडे दिलेत तर टिकणारं काम येतं. मे मध्ये घेऊ नका, अर्धी पोरं घरच्या आंब्याच्या पेट्या भरत असतात, आणि गणपतीत कोकणात कोण लॅपटॉप उघडतो? जूनमधली लाईट तर तुम्हाला माहितीच आहे.

नियम आधी लिहून पाहिजेत. दशावतारात संवाद रंगमंचावरच सुचतात, इथे परीक्षक तसे बोलायला लागले की भांडणं होतात. अ‍ॅप कोणाचं हा प्रश्न हमखास येतो, तर ते बनवणाऱ्याचंच राहू दे, तुम्हाला दाखवायची परवानगी पुरते. आणि स्पर्धा संपली की सोमवारी टेस्ट सर्व्हर बंद करू नका हो, खरी जोडलेली माणसं त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत दिसतात. किती नावं नोंदली ते आम्ही रिपोर्टमध्ये देतो, पण तीन महिन्यांनी किती की वापरात आहेत तो आकडा वरती लिहितो.

रत्नागिरीच्या ऑफिसात कधीही या, पहिली बैठक फुकट. येताना टेस्टचं लॉगिन आणि डॉक्युमेंटेशनची लिंक आणा, पोस्टरचं डिझाईन आत्ता नको.