बागेचा एक कोपरा माळरानासाठी

सोलापुरात बाग म्हटली की हिरवळ, कारंजं आणि कापलेली मेंदीची कुंपणंच डोळ्यांसमोर येतात. पण जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या या मुलखाचं खरं रान म्हणजे गवत, बोरी-बाभळी आणि उघडा मुरूम. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ साली अभयारण्य झालं, ते अशाच माळावरच्या माळढोक पक्ष्यासाठी.

शहरातल्या बागेत माळढोक यायचा नाही. टिटवी मात्र येते. ती घरटं विणत नाही. मुरमात उथळ खळगा, कडेला चार खडे आणि त्यात बहुधा चार अंडी. मातकट रंगावर काळे ठिपके असल्यानं ती दोन पावलांवरूनही दिसत नाहीत. मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे गेला की अंडी उबवण्यापेक्षा थंड ठेवणंच अवघड होतं. नर-मादी पाळीपाळीनं त्यांच्यावर सावली धरतात. पाण्यात पोटाची पिसं भिजवून येतात आणि अंड्यांवर बसतात. ओल सुकताना उष्णता ओढून घेते. अशा वेळी मोकाट कुत्रं फिरकलं किंवा कुणी फोटोसाठी रेंगाळलं, तर पक्षी उठतो आणि अंडी उन्हात भाजतात. मार्च ते जून तेवढ्या जागेभोवती दोरी बांधावी आणि जवळ उथळ पाणवठा ठेवावा.

शनिवारी मारुतीला आपण रुईची माळ घालतो, पण बागेत उगवलेली तीच रुई तण म्हणून उपटतो. बिबळ्या कडवा हे फुलपाखरू रुईवर अंडी घालतं. अळी पानांतलं विष अंगात साठवते, ते फुलपाखरातही उतरतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. नुसते फुलांचे ताटवे लावून अळीचं पोट भरत नाही.

गाजरगवत फुलायच्या आत मुळासकट काढलंच पाहिजे. घाणेरीही काढावी, पण टप्प्याटप्प्यानं. तिच्या जाळीत बुलबुल घरटी करतात. आधी शेजारी बोर, तरवड वाढू द्यावं. पाचोळा तर मुळीच जाळू नये, सातभाईंचा थवा तोच उलटून किडे वेचतो.

जैविक विविधता कायदा, २००२ नुसार महापालिकेनंही समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे परिसरातल्या जीवसृष्टीची नोंद, करायची असते. रोज सकाळी त्याच वाटेनं फिरणाऱ्यांइतकी चांगली नोंद कोण देणार? ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह. त्यातली ५ तारीख सोलापूरचेच अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनाची. तेव्हाच्या पक्षीमोजणीत धोबी, थरथरे असे हिवाळी पाहुणे सापडतील. टिटवीच्या अंड्यांसाठी मात्र मेमध्ये पुन्हा फिरावं लागेल, आणि तेही माळीकाकांना सोबत घेऊन. गवत कुठं, कधी कापायचं हे त्यांच्याच हातात असतं.