परमिट रूममधील जुगार आणि परवानाधारकाची जबाबदारी

परवाना नूतनीकरणासाठी आमच्याकडे येणारे परमिट रूमचालक नेहमी विचारतात की, गिऱ्हाइकांनी आपापसांत पत्ते मांडले तर त्यात मालकाचा काय दोष? हे माहितीपत्रक तेवढ्याच प्रश्नासाठी आहे.

महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंध अधिनियम आजही लागू आहे. जागा किंवा जुगाराचे साहित्य वापरू देऊन मालक त्यातून कमाई करत असेल, मग ती टेबलाच्या भाड्याची असो वा डावामागे काढलेल्या नालेची (म्हणजे डावाच्या पैशातून मालकाने घेतलेल्या वाट्याची), तर ती जागा जुगाराचा अड्डा ठरते. कलम 4 खाली अड्डा चालवणाऱ्याबरोबर जाणूनबुजून जागा देणारा मालक आणि देखरेख करणारा मॅनेजर हेही दोषी ठरू शकतात व दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. रीतसर झडतीत जुगाराचे साहित्य सापडले, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो अड्डाच होता असे कायदा धरून चालतो. म्हणून काउंटरच्या खणात पत्त्यांचा जोडही ठेवू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

निव्वळ कौशल्याच्या खेळांना हा कायदा लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा, तर तीन पत्ती हा केवळ नशिबाचा खेळ ठरवला. मात्र त्याच निकालात, खेळातून जागामालक नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो, असेही म्हटले आहे, आणि हा भाग बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. मोबाइलवरील पैशांच्या खेळांना तर कौशल्याचा बचावही उरलेला नाही, कारण संसदेने 2025 मध्ये संमत केलेल्या कायद्यात तो भेदच ठेवलेला नाही.

पोलिसांचा खटला आणि परवान्यावरील कारवाई या दोन वेगळ्या वाटा आहेत. 1949 च्या दारूबंदी अधिनियमाच्या कलम 54 नुसार परवान्यातील अटीचा भंग नोकराने केला तरी परवाना निलंबित वा रद्द होऊ शकतो. 'मी त्या वेळी हजर नव्हतो' एवढे उत्तर तेथे पुरत नाही.

त्यामुळे वेटरांना लेखी सूचना द्याव्यात, पैजेचा खेळ दिसताच तो थांबवून नोंदवहीत तारीख-वेळ लिहावी आणि सीसीटीव्ही चित्रण जपावे. झडती आल्यास अडथळा आणू नये, पंचनामा वाचूनच सही करावी; कारणे दाखवा नोटीस मिळाल्यास मुदतीत लेखी उत्तर द्यावे आणि सोबत त्या नोंदवहीच्या प्रती जोडाव्यात.