सेटवरच्या चुण्या आणि रेघेवरच्या चुण्या: लहान मुलाचा किल्ट शिवण्यापूर्वी

किल्ट म्हणजे स्कॉटलंडचा, मागे चुण्या असलेला, गुडघ्यापर्यंतचा घागऱ्यासारखा पोशाख, आणि टार्टन म्हणजे त्याचे रंगीत चौकडीचे लोकरी कापड. एकाच टार्टनचे किल्ट घातलेली दोन मुले समोरून पाहिली तर त्यांच्यात काहीही फरक दिसत नाही. तीच मुले पाठमोरी झाली की एकाच्या किल्टवर समोरची चौकडी मागेही जशीच्या तशी चालू असते, तर दुसऱ्याच्या किल्टवर एकाच रंगाच्या उभ्या रेघा बोटाबोटाच्या अंतराने ओळीने आलेल्या असतात. पाहणाऱ्याला वाटते की दुसऱ्याचे कापड वेगळे असावे किंवा शिवणाऱ्याचे काहीतरी चुकले असावे. हे दोन्ही समज खरे नाहीत. कापड तेच असते आणि दोन्ही पद्धती स्कॉटलंडमध्ये रूढ आहेत. फरक आहे तो चुण्या कापडावरच्या कोणत्या खुणेला धरून घातल्या याचा. पहिल्या प्रकाराला सेटवरच्या चुण्या म्हणतात आणि दुसऱ्याला रेघेवरच्या.

सेट म्हणजे टार्टनमधल्या रंगीत पट्ट्यांचा एक पूर्ण फेरा. कोणत्या रंगाचे किती धागे कोणत्या क्रमाने येतात हे ठरलेले असते आणि तोच क्रम ताण्यात व बाण्यात पुन्हापुन्हा येत राहतो. 2008 च्या कायद्याने स्थापन झालेल्या स्कॉटलंडच्या अधिकृत टार्टन नोंदवहीत हाच धाग्यांचा हिशेब नोंदलेला असतो. चुण्या कशा घालाव्यात हे टार्टन ठरवत नाही, ते शिवणाऱ्याने ठरवायचे असते, आणि लहान मुलाच्या बाबतीत कापडाला कात्री लावण्याआधीच ठरवायचे असते.

रेघेवरच्या चुण्या समजायला सोप्या आहेत. सेटमधली एक ठळक उभी रेघ निवडायची, ती पहिल्या चुणीच्या दर्शनी भागाच्या बरोबर मध्ये ठेवायची, मग पुढच्या सेटमध्ये तीच रेघ शोधून ती दुसऱ्या चुणीच्या मध्ये आणायची. प्रत्येक चुणी दुसरीची जुळी बहीण असते. बाकीचे उभे पट्टे घडीत लपतात, त्यामुळे मागच्या बाजूला आडवे पट्टे जास्त उठून दिसतात, आणि मूल पळू लागले की घड्या उघडून आतले लपलेले रंग क्षणभर चमकून जातात. हे दृश्य मला फार आवडते.

सेटवरच्या चुण्यांमध्ये प्रत्येक चुणी वेगळी असते. पहिल्या चुणीचा दर्शनी भाग ज्या धाग्यावर संपला तोच धागा पुढच्या सेटमध्ये शोधायचा आणि दुसरी चुणी तिथून सुरू करायची. अशा रीतीने सेटचा एकेक अरुंद काप पुढे सरकत जातो आणि सगळे काप शेजारी शेजारी बसले की घड्या जणू नाहीतच अशी मूळ चौकडी पुन्हा उभी राहते. साडीच्या निऱ्या घालणारा आपला हात इथे हमखास फसतो. निऱ्या आपण वितीच्या मापाने घेतो आणि त्यातली नक्षी कुठे दुमडली जाते याचा विचार करत नाही. माझ्या नातवासाठी पहिला किल्ट शिवायला घेतला तेव्हा मीही टेपने समान अंतरे मोजून टाचण्या लावत गेले. सातव्या चुणीला पिवळी रेघ डाव्या कडेला गेली, नवव्याला ती दिसेनाशी झाली आणि मागची बाजू ना सेटची राहिली ना रेघेची. सगळे उसवून पुन्हा मांडावे लागले, पण त्या दिवसापासून टेप बाजूला ठेवून धागा पाहायची सवय लागली.

आता हिशेब पाहू, कारण दोन्ही पद्धतींतला खरा फरक तिथे दिसतो. समजा, चार-पाच वर्षांच्या मुलाच्या नितंबाचा घेर 56 सेंटीमीटरच्या आसपास आहे. त्यातला जवळजवळ निम्मा भाग समोरच्या सपाट पल्ल्याने झाकला जातो आणि चुण्यांसाठी साधारण 27.5 सेंटीमीटर उरतात. प्रत्येक चुणी 1.25 सेंटीमीटर दिसावी असे ठरवले तर 22 चुण्या होतात. कापडाचा सेट 10 सेंटीमीटरचा असेल, तर रेघेवरच्या प्रत्येक चुणीला बरोबर एक सेट, म्हणजे 10 सेंटीमीटर कापड लागते आणि एकूण 220 सेंटीमीटर होतात. सेटवरच्या चुणीला मात्र एक सेट आणि शिवाय पुढे सरकण्यासाठी चुणीच्या दर्शनी रुंदीइतके कापड, म्हणजे 11.25 सेंटीमीटर लागतात, एकूण 247.5. जास्तीचे कापड नेमके मागच्या बाजूच्या रुंदीइतकेच आहे, हे लक्षात आले की हिशेब कधी विसरत नाही. समोर एकावर एक येणारे दोन्ही पल्ले आणि त्यांच्या आतल्या घड्या यांचे कापड वेगळे धरावे लागते.

हाच हिशेब जाडीचाही आहे. वरच्या उदाहरणात रेघेवरच्या किल्टला मागे सरासरी कापडाचे आठ थर येतात आणि सेटवरच्याला नऊ. मोठ्या माणसाला एका थराचे काही वाटत नाही, पण पाच वर्षांच्या मुलाला बसताना तो जाणवतो. त्याहून मोठा प्रश्न सेटच्या मापाचा आहे. 18 सेंटीमीटरचा सेट घेतला तर रेघेवर शिवूनही चौदाहून अधिक थर होतात, आणि सेटवर शिवले तर एवढ्याशा रुंदीत चौकडीचा जेमतेम दीड फेरा मावतो व मागची बाजू एकांगी दिसते. म्हणून लहान मुलासाठी लहान सेटचे, हलक्या वजनाचे लोकरी कापडच शोधावे. त्यासाठी आठवडाभर थांबावे लागले तरी थांबावे.

कमरेपासून खाली किल्टच्या लांबीचा सुमारे तिसरा भाग चुण्या हाताने शिवून पक्क्या केलेल्या असतात. या भागात आडव्या रेघा एका चुणीवरून दुसरीवर सरळ गेल्याच पाहिजेत, हे दोन्ही पद्धतींना सारखेच लागू आहे. कमरेकडे चुण्या किंचित निमुळत्या करताना रेघ मध्येच राहावी म्हणून रेघेवरच्या चुणीत दोन्ही कडांनी सारखे घ्यावे लागते. सेटवर शिवताना तेवढी चौकडी वर आवळली जाते, पण लहान मुलाची कंबर आणि नितंब यांत फरक थोडा असल्याने हे डोळ्याला खुपत नाही.

मूल वाढते, आणि इथे मात्र माझा कौल स्पष्टपणे रेघेच्या बाजूने आहे. प्रत्येक चुणी एक मिलिमीटरने सैल केली तर 22 चुण्यांत 2.2 सेंटीमीटर मिळतात. रेघ मध्ये ठेवून हे सहज करता येते. सेटवरच्या किल्टमध्ये तसे केले, तर प्रत्येक चुणीच्या कडेचा मिलिमीटरभर भाग शेजारच्या चुणीतही पुन्हा दिसतो, आणि तिथे एखादी बारीक पांढरी रेघ असली तर ती एकाची दोन होते. लांबीचे गणित दोन्हीकडे एकच आहे. खालची कड कापडाची स्वतःची काठ असते, तिला दुमड घालत नाहीत. म्हणून किल्ट अस्तराच्या कापडाच्या बिनबाह्यांच्या बंडीला जोडून खांद्यावर चिमटे, म्हणजे शिवून घेतलेल्या बारीक घड्या, ठेवावेत आणि ते दरवर्षी थोडे थोडे सोडावेत. लहान मुलांना किल्ट अडकवायला कंबरही नसते, त्यामुळे बंडी तशीही उपयोगी पडते.

रेघेवरचा किल्ट सैनिकांनीच घालायचा असतो, असेही काही जण सांगतात. त्याला लष्करी पद्धत म्हणतात हे खरे आहे. 1794 मध्ये उभ्या राहिलेल्या गॉर्डन हायलँडर्स पलटणीच्या किल्टवर मागे पिवळ्या रेघांची ओळ असे. पण नागरिकांनी तसा किल्ट घालू नये असा कोणताही नियम नाही. उलट ज्या टार्टनमध्ये एकही ठळक रेघ नाही, सगळे पट्टे एकमेकांत मिसळलेले आहेत, तिथे रेघेचा हट्ट धरू नये. त्या कापडाचे सौंदर्य सेटवरच खुलते, आणि मग वाढीसाठीची सोय पल्ल्याशेजारच्या खोल घड्यांत ठेवावी.

कोणतीही पद्धत घेतली तरी चुण्या शिवून झाल्यावर खालच्या काठाजवळ आणि मध्यावर कच्चा धावदोरा घालावा, ओल्या फडक्यावरून इस्त्री दाबावी आणि कापड पूर्ण गार होईपर्यंत हलवू नये. मग मुलाला किल्ट घालून गुडघ्यांवर ताठ उभे करावे. काठ जमिनीला जेमतेम टेकला तर लांबी बरोबर आहे असे समजून धावदोरा ओढून काढावा.