डायसल्फिरम की नाल्ट्रेक्सोन? ‘दारू सोडायची गोळी’ नेमकी कोणती

औषधाच्या दुकानात येऊन नातेवाईक ‘ती दारू सोडायची गोळी द्या’ म्हणतात. या एका नावाखाली निदान दोन अगदी वेगळी औषधं वावरतात. डायसल्फिरम घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर तो आजारी पडतो. नाल्ट्रेक्सोन घेतलेला आजारी पडत नाही, त्याची पिण्यातली मजा उतरते. दोन्ही रोज एक घ्यायच्या गोळ्या, म्हणून लोक त्यांना एकच समजतात. पण गोळी कधी सुरू करायची, घरात ती कोणी द्यायची, वरून दारू प्यायली तर काय होणार आणि समुपदेशनात बोलायचं कशावर, याची उत्तरं दोघींची वेगळी आहेत.

एक काम मात्र दोघींनाही जमत नाही, ते म्हणजे दारू उतरताना होणारा त्रास थांबवणं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली की 6 ते 8 तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भिंतीवर किडे दिसू लागतात, दिवस-रात्रीचं भान जातं, ताप चढतो. हा डिलिरियम ट्रेमेन्स, आणि यात माणूस दगावतो. त्यासाठी क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम ही मेंदूला शांत करणारी औषधं साधारण आठवडाभर उतरत्या मात्रेत देतात. यकृत फार बिघडलेलं असेल तर लोराझेपाम. शिवाय थायमिनचं, म्हणजे ब-1 जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, तेही ग्लुकोजची सलाइन लावण्याआधी. ग्लुकोज पचवताना शरीरातलं उरलंसुरलं थायमिन संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ‘एक सलाइन लावली की उतरेल’ हा आपल्याकडचा लाडका उपाय इथे उलटतो तो असा.

हा टप्पा पार पडला की गोळी कोणती, हा प्रश्न येतो.

डायसल्फिरम जुनं औषध आहे. हे रसायन रबर उद्योगात वापरात होतं आणि तिथल्या कामगारांना दारू सोसेनाशी होते, हे 1930 च्या दशकातच एका अमेरिकी डॉक्टरच्या लक्षात आलं होतं. दारूवरचं औषध म्हणून ते 1948 मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी पुढे आणलं. दारूचं यकृतात आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, मग एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचा निकाल लावतं. डायसल्फिरम ते विकरच निकामी करतं. मग एखाद-दोन घोटांनीही विषारी अ‍ॅसिटाल्डिहाइड रक्तात साचतं. 10 ते 30 मिनिटांत चेहरा लालबुंद होतो, डोकं ठणकतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. हृदय आधीच दुबळं असेल तर हे जिवावर बेततं.

नेहमीची मात्रा दिवसाला 250 मिलिग्रॅम. शेवटच्या घोटानंतर निदान 12 तास गेल्याशिवाय पहिली गोळी देत नाहीत; बरेच डॉक्टर पूर्ण दिवस थांबतात. सुरू करण्याआधी यकृताची तपासणी करतात आणि दोन आठवड्यांनी पुन्हा, कारण क्वचित का होईना, या गोळीने गंभीर कावीळ होते. जुलाबासाठी सर्रास दिलं जाणारं मेट्रोनिडाझोल किंवा टीबीचं आयसोनियाझिड यांच्याबरोबर ती घेतली तर माणूस भ्रमिष्टासारखा वागू शकतो. फिटसाठी फेनिटॉइन किंवा रक्त पातळ करायला वॉरफरिन चालू असेल तर त्यांचा परिणाम वाढतो. हृदयविकार किंवा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणारा मानसिक आजार, असेल तर ही गोळी नको.

लपलेली दारू हा वेगळाच ताप. काही खोकल्याची औषधं, टॉनिकं, होमिओपॅथीचे थेंब, आफ्टरशेव्ह आणि आयुर्वेदिक आसवं-अरिष्टं यांत अल्कोहोल असतं. ‘माझ्या नवऱ्याने घेतलीच नव्हती, तरी चेहरा लाल झाला’ असं कोणी सांगितलं तर खोटं ठरवण्याआधी घरातल्या बाटल्यांची लेबलं वाचावीत.

गोळी बंद केली तरी परिणाम 14 दिवसांपर्यंत टिकू शकतो, कारण शरीराला नवं विकर तयार करावं लागतं. गटारीला ‘बसायचं’ म्हणून दोन दिवस आधी गोळी टाळणारे इथेच फसतात. त्यांच्या हिशेबाने औषध उतरलेलं असतं, यकृताच्या हिशेबाने नसतं.

नाल्ट्रेक्सोनची चाल निराळी. दारू पोटात गेली की मेंदू एंडॉर्फिन सोडतो. अफूचे पदार्थ मेंदूत ज्या जागांवर जाऊन बसतात, तिथेच एंडॉर्फिन बसतं आणि ‘बरं वाटलं, अजून एक’ हा निरोप निघतो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसं नाल्ट्रेक्सोन त्या जागा धरून ठेवतं. पहिला पेग घेतला तरी दुसऱ्याची ओढ पूर्वीइतकी राहत नाही. नशा मात्र चढते, तोल जातो, गाडी चालवणं तितकंच धोक्याचं. रोज 50 मिलिग्रॅम, पहिले काही दिवस अर्धी गोळी, जेवणानंतर, कारण पहिल्या आठवड्यात मळमळ फार होते आणि बरेच जण तिथेच सोडून देतात. माणूस अजून पीत असला तरी हे औषध सुरू करता येतं. एकदम थांबायला तयार नसलेल्यासाठी हाच त्याचा मोठा उपयोग. यकृत निकामी होत असेल किंवा तीव्र कावीळ असेल तर मात्र हेही नको.

मग जास्त गुणकारी कोणतं? मुंबईत खासगी दवाखान्यात झालेला आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेला एक वर्षभराचा अभ्यास इथे उपयोगी आहे. शंभर पुरुष, निम्म्यांना डायसल्फिरम, निम्म्यांना नाल्ट्रेक्सोन, आणि घरचं माणूस गोळीवर लक्ष ठेवायला. वर्षअखेर डायसल्फिरमच्या गटात 86 टक्के दारूपासून दूर होते, नाल्ट्रेक्सोनच्या गटात 44 टक्के. तलफ मात्र नाल्ट्रेक्सोनवाल्यांची कमी होती. आकडे पाहून लगेच डायसल्फिरम जिंकलं म्हणू नये. कोणाला कोणती गोळी, हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही ठाऊक होतं, आणि धाकाचं औषध तेव्हाच चालतं जेव्हा तो धाक माहीत असतो. देखरेखीविना दिलेल्या डायसल्फिरमचा फायदा नगण्य असतो. भीती वाटण्याआधीच गोळी बेसिनमध्ये जाते.

म्हणून डायसल्फिरमबरोबरचं समुपदेशन हे आधी कराराचं असतं. गोळी सकाळी, पिण्याची इच्छा सर्वात कमी असताना. चुरून पाण्यात घालून, देणाऱ्यासमोर, म्हणजे जिभेखाली लपवायला जागा उरत नाही. मग कालनिर्णयवर त्या तारखेला खूण. देणाऱ्याने एवढंच करायचं. कालच्या भांडणाचा हिशेब त्या दोन मिनिटांत काढायचा नाही. गोळी म्हणजे बायकोची पोलिसगिरी असं झालं की महिन्याभरात करार मोडतो. बायकोऐवजी आई, भाऊ, अगदी कामावरचा सहकारीही चालतो, पण तो रुग्णाने निवडलेला हवा.

नाल्ट्रेक्सोनबरोबर बोलणं वेगळं. इथे तलफेची वही लागते: किती वाजता आली, कोणाबरोबर होतात, पोट रिकामं होतं का, पगाराचा दिवस होता का, कितीला थांबलात. दर आठवड्याला समुपदेशक ती वही घेऊन बसतो आणि संध्याकाळचे 6 ते 8 कसे भरायचे यावर काम होतं. औषधाने ओढ सैल झालेली असते, पण गुत्त्यावरून घरी जायचा रस्ता तोच असतो. तो रस्ता बदलणं हे गोळीचं काम नव्हे. काही स्वमदत गटांत ‘गोळी म्हणजे कुबडी’ असं ऐकवलं जातं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या संघटनेची अधिकृत भूमिका मात्र सदस्यांनी डॉक्टर होऊ नये अशी आहे. कोणी मीटिंगमध्ये गोळी थांबवायला सांगितलं, तर ते त्याचं वैयक्तिक मत समजावं.

आता चोरून दिलेल्या गोळीबद्दल. ‘न सांगता दारू सोडवा’ या जाहिराती भिंतींवर सगळ्यांनी वाचल्यात. चहात किंवा आमटीत डायसल्फिरम मिसळलं, त्याला पत्ता नाही, संध्याकाळी क्वार्टर मारली आणि रक्तदाब कोसळला, तर तो हार्ट अटॅक समजून रुग्णालयात जातो आणि खरं कारण सांगणारं तिथे कोणी नसतं. धाक माहीतच नसल्याने सुटण्याचा संबंधही नाही. ‘दारूत भेसळ होती’ म्हणून तो गुत्ता बदलतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्ये दारू-ड्रग्जच्या गैरवापरातून येणाऱ्या मानसिक स्थितीही धरल्या आहेत, आणि उपचारांना रुग्णाची माहितीपूर्ण संमती हा त्या कायद्याचा पाया आहे. घरचे हे जेरीला येऊन करतात, हे खरं. तरीही करू नये. असं काही होऊन बसलंच तर त्याला आडवं झोपवा, पाय उंचावर घ्या, लिंबू-दह्याच्या उताऱ्यात वेळ घालवू नका, आणि रुग्णालयात पोचताच गोळीचं नाव आणि दिल्याची वेळ स्पष्ट सांगा. तिथे लाज धरण्यात अर्थ नाही.

नाल्ट्रेक्सोनचा धोका दुसरीकडे आहे. ते मुळात अफूवर्गीय पदार्थांविरुद्धचं औषध. अमेरिकेत 1984 मध्ये त्याला मंजुरी मिळाली ती त्यासाठीच. दारूसाठी दहा वर्षांनी. गर्द (हेरॉइन), कोडीनचं कफ सिरप, ट्रामाडॉल किंवा टॅपेंटाडॉल ही वेदनाशामकं, यांपैकी काहीही अंगात असताना नाल्ट्रेक्सोन दिलं, तर जागेवर बसलेल्यांना ते उठवून लावतं आणि टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, लागते: उलट्या, जुलाब, अंग मोडल्यासारख्या वेदना, आणि ही नैसर्गिक टर्कीपेक्षा भयंकर. म्हणून शेवटच्या डोसनंतर निदान 7 ते 10 दिवस जावे लागतात. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन (गर्दच्या व्यसनावरची अफूवर्गीय औषधं) चालू असेल तर दोन आठवड्यांपर्यंत. फक्त दारू पिणाऱ्यालाही म्हणून विचारावं लागतं: कंबरदुखीवर कोणती गोळी घेता? बरेचदा उत्तर ट्रामाडॉल निघतं. ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर नाल्ट्रेक्सोन 72 तास आधी थांबवतात, नाहीतर मॉर्फीनसारखी वेदनाशामकं लागू पडत नाहीत. पाकिटात औषधाचं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवावी, अपघात विचारून येत नाही.

गर्दच्या व्यसनात बहुतेकांना ते 7 ते 10 दिवस निघत नाहीत, आणि निघाले तरी पुढे रोज गोळी घेणारे थोडे. तिथे ब्युप्रेनॉर्फिन कामाला येतं. हा रुमाल नव्हे, अर्ध्या तिकिटाचा प्रवासी: जागा धरतो आणि थोडा परिणामही देतो, त्यामुळे टर्की लागत नाही, पण ठरावीक मात्रेपुढे परिणाम वाढत नाही. त्याची वेळ बरोबर उलटी: टर्की सुरू झाली की पहिली गोळी, शेवटच्या गर्दनंतर साधारण 12 ते 24 तासांनी, 2 ते 4 मिलिग्रॅम. पुढे बहुतेकांची रोजची मात्रा 8 ते 16 मिलिग्रॅमवर स्थिरावते. गोळी जिभेखाली 5 ते 10 मिनिटं विरघळवायची. गिळली तर बहुतांश वाया. तोंडात तंबाखू असेल तर आधी चूळ भरून घ्यायची. गोळीत बहुधा नॅलोक्सोनही असतं, म्हणजे अफूवर्गीय पदार्थांचा परिणाम उलटवणारं औषध. जिभेखाली ते जवळपास निष्क्रिय, पण कोणी पाण्यात घोळून टोचून घेतलं तर टर्की लावतं. ‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. पण गोळीवर टिकलेल्यांत मृत्यूचं प्रमाण उपचाराबाहेर असलेल्यांच्या साधारण निम्मं किंवा त्याहून कमी असतं. समुपदेशन सोबत हवंच; मात्र तो सेशनला आला नाही म्हणून गोळी रोखणं ही घोडचूक.

नाल्ट्रेक्सोन असो वा ब्युप्रेनॉर्फिन, मध्येच बंद केलं की गर्द पचवायची जुनी सवय शरीराला उरलेली नसते. पूर्वी रोज चालणारी पुडी आता श्वास बंद पाडू शकते. तेव्हा लागतं ते नॅलोक्सोनचं इंजेक्शन, जे काही मिनिटांत श्वास परत आणतं. नाव नाल्ट्रेक्सोनच्या इतकं जवळचं की धावपळीत घोटाळा होतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात नाल्ट्रेक्सोनची गोळी कोंबू नये. कुशीवर वळवून, श्वास पाहत, 108 ला फोन करावा.