लाइट गेलेली पाठ, आलेली कोरी

चतुर्थीच्या आधीचा आठवडा म्हणजे कोकणात कुणालाच श्वास घ्यायला फुरसत नसते. आमच्याकडे कुडाळच्या बाजूला तर सगळ्या गावाची एकदम धावपळ, घराला रंग, बाजार, मूर्ती, मुंबईहून येणाऱ्यांची अंथरुणं, आणि त्यात नोकरी असतेच. गुरुवारी रात्री ताईचा डोंबिवलीहून फोन आला, गाडीचं, तिकिटाचं बोलून झाल्यावर तिने सहज विचारलं, "बाकी काय गो, सगळं बरं ना?" आणि मी जी सुरू झाले ती दहा मिनिटं थांबलेच नाही. सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी लाइट गेली, पंप बंद, विहिरीचं पाणी हाताने ओढलं, मोबाइल मेला, पाऊस उघडत नाही, मूर्तीचा रंग अजून ओला, गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीचं सामान आणायचंय आणि रजा नाही.

फोन ठेवला तेव्हा डोक्यावर पंखा फिरत होता. घरभर उजेड. म्हणजे लाइट कधीतरी आली होती, आणि ती कधी आली हे मला सांगता येईना! गेल्याची वेळ मिनिटासकट पाठ, आल्याची पाटी कोरी. मी कॉलेजात बायोलॉजी शिकवते, हे असं का होतं ते मला पुस्तकातून माहीत आहे, पण स्वतःच्या घरात पंख्याखाली बसून ते इतकं लख्ख दिसलं नव्हतं.

तर आधी मेंदूचं बघू. वोल्फ्राम शुल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञाने स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबुर्गला माकडांवर प्रयोग केले होते. माकडाच्या तोंडात फळांच्या रसाचा थेंब पडला की मेंदूतल्या डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी काय करतात ते तो बघत होता. सुरुवातीला थेंब अचानक पडायचा आणि पेशी जोरात पेटायच्या. मग आधी एक खूण आणि थोड्या वेळाने रस असं सुरू केलं, आणि काही दिवसांत गंमत झाली, पेशी खुणेलाच पेटायला लागल्या आणि खुद्द रस तोंडात पडला तेव्हा मात्र गप्प. रस तोच, गोडीही तीच, फक्त तो येणार हे आता ठाऊक होतं. आणि खूण दाखवून रस दिलाच नाही तर नेमका ज्या क्षणी तो यायला हवा होता त्या क्षणी पेशींचं काम एकदम खाली जायचं. १९९७ साली शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटॅग्यू यांनी याचा हिशोब नीट मांडला. या पेशी मिळालेलं मोजत नाहीत, मिळालेलं आणि अपेक्षित यातला फरक मोजतात. डोपामिन म्हणजे 'आनंदाचं केमिकल' असं सर्रास वाचायला मिळतं, मला ते अजिबात पटत नाही, ही मुळात शिकण्याची यंत्रणा आहे, अंदाज चुकला की ती बोलते, अंदाज बरोबर आला की ती बोलत नाही.

आता हे आमच्या वाडीत आणून बघा. लाइट आली त्या सेकंदाला पोरं "आलीsss" म्हणून ओरडली असणार, दरवेळी ओरडतात, मीही हातातलं काम सोडून वर बघितलं असणार. तेवढा तो रसाचा थेंब. मग दोन मिनिटांत फ्रिज सुरू, पंप सुरू, लाइट ही पुन्हा 'असायचीच' गोष्ट झाली, आणि असायच्या गोष्टीची नोंद कोण ठेवतो? आठवड्यात सहा दिवस एसटी वेळेवर आली तर ती आलीच नाही असं धरा, सातव्या दिवशी चुकली की घरी येऊन आपण ती सगळ्यांना सांगतो.

यात भर पडते ती वाईटाच्या वजनाची. रॉय बॉमाइस्टर हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक मोठा आढावा घेतला होता, नाती, शिकणं, आठवणी, दुसऱ्याबद्दलची मतं असं सगळं तपासून, आणि जवळपास सगळीकडे त्यांना एकच दिसलं, तेवढ्याच आकाराच्या चांगल्या गोष्टीपेक्षा वाईट गोष्ट मनावर जास्त खोल उमटते. याचं कारण उत्क्रांतीत शोधतात, आणि ते समजायला सोपं आहे. पिकलेलं करवंद दिसलं नाही तर एक करवंद गेलं, जाळीतलं फुरसं दिसलं नाही तर माणूस गेला. त्यामुळे मी ताईला नुसती गाऱ्हाणीच सांगितली यात माझा स्वभाव वाईट आहे असं काही नाही, हत्यारच तसं घडलंय.

पण घाईचा भाग वेगळा, तो आपला आपण वाढवलेला असतो. १९७३ सालचा एक प्रयोग मी दरवर्षी मुलांना सांगते. अमेरिकेत प्रिन्स्टनला धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेणारे ४० विद्यार्थी घेतले, त्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन भाषण द्यायला सांगितलं, त्यातल्या अर्ध्यांचा विषय तर वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या परोपकारी माणसाची बायबलमधली गोष्ट. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत दारात बसवून ठेवलेला. ज्यांना सांगितलं होतं की वेळ भरपूर आहे त्यांच्यातले ६३ टक्के मदतीला थांबले, ज्यांना सांगितलं की उशीर झालाय, पळा, त्यांच्यातले फक्त १० टक्के. डार्ली आणि बॅटसन या संशोधकांचं म्हणणं असं की ही मुलं दगडाच्या काळजाची नव्हती, घाईने त्यांची नजरच अरुंद केली होती. मला वाटतं जी नजर दुसऱ्याचं दुखणं टिपत नाही तीच दुसऱ्याने आपल्यासाठी केलेलंही टिपत नाही. चतुर्थीच्या आठवड्यात माझी नजर तेवढीच झाली होती, यादीवरून यादीवर, पुढचं पाठ मागचं सपाट.

आपल्या भाषेत यासाठी जो शब्द आहे तो मला फार नेमका वाटतो. कृतज्ञ. कृत म्हणजे केलेलं आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. कुणीतरी काहीतरी केलं, ते ज्याला कळलं तो कृतज्ञ. त्यात हात जोडणं नंतर येतं, आधी कळणं आहे, आणि मानसशास्त्रात गेल्या वीसेक वर्षांत जे प्रयोग झाले ते बघितले तर फरक याच कळण्याने पडतो असं दिसतं.

सगळ्यात जास्त सांगितला जातो तो रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलो यांचा २००३ चा. कॉलेजातल्या मुलांचे तीन गट केले, दहा आठवडे, आठवड्यातून एकदा लिहायचं, एका गटाने ज्याबद्दल कृतज्ञ वाटलं अशा पाचेक गोष्टी, दुसऱ्याने त्रासाच्या, तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या. पहिल्या गटाला एकूण आयुष्य जास्त बरं वाटत होतं, येणाऱ्या आठवड्याबद्दल आशा जास्त होती, दुखण्याखुपण्याच्या तक्रारी कमी होत्या, आणि त्रास लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांनी व्यायामही जास्त केला. नंतर २००५ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायला लावल्या, आणि प्रत्येकीपुढे 'ही का घडली' हेही. त्याचा परिणाम सहा महिन्यांनंतरही दिसत होता. हे 'का' मला महत्त्वाचं वाटतं, कारण 'का' म्हटलं की माणूस सापडतो. भात ऊन होता, का? सासूबाईंनी चुलीवर पुन्हा ठेवला म्हणून.

पण रोज लिहायलाच हवं असं काही नाही, आणि कामात बुडालेल्यांसाठी ही चांगली बातमी आहे. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी सहा आठवडे एका गटाला आठवड्यातून एकदा आणि दुसऱ्याला तीनदा लिहायला लावलं तर एकदा लिहिणाऱ्यांनाच फरक पडला. तीनदावाल्यांचं बहुधा तेच झालं जे माकडाच्या रसाचं झालं, वहीचीच सवय झाली आणि 'घर, मुलं, तब्येत' एवढं लिहून पान मिटलं.

इथे मला आमची माटोळी आठवते. गणपतीच्या डोक्यावर जी लाकडी चौकट टांगतात, तिला आपण नुसतं 'रानातलं काहीतरी' बांधत नाही, कवंडळ वेगळं, कांगल वेगळी, हरणं वेगळी, सुपारीची शिपटी, तवसं म्हणजे मोठी काकडी, नारळ, एकेक वस्तू नावाने शोधून आणतो, त्यासाठी चिखलातून डोंगर चढतो. कवंडळ वर्षभर कुंपणापलीकडे असतं, तेव्हा ते दिसत नाही. नाव घेऊन शोधायला निघालं की दिसतं. शुक्रवारी रात्री मी वही घेऊन बसले तेव्हा 'सगळं छान चाललंय' असं न लिहिता माटोळीसारखंच एकेक बांधायचं ठरवलं. सोमवारी छत्री उलटी झाली तेव्हा कंडक्टरने बेल न मारता मी चढेपर्यंत गाडी थांबवली. मंगळवारी शेजारच्या काकी तवसं देऊन गेल्या, वेलाचं पहिलं, वानोळा म्हणून, आणि मी ते ओट्यावर ठेवून भांड्यांकडे वळले होते. बुधवारी लॅबमधल्या मावशींनी मी न सांगता स्लाइड धुऊन ठेवल्या. हे सगळं घडताना माझ्यासमोर घडलं होतं, आणि ताईला सांगताना यातलं एकही तोंडात आलं नव्हतं!

याहून सोपी एक युक्ती आहे ती वजाबाकीची. २००८ मध्ये मिंक्योंग कू, टिमथी विल्सन, डॅनियल गिल्बर्ट वगैरे मंडळींनी लोकांना सांगितलं की आयुष्यातली एखादी चांगली घटना घ्या आणि ती घडलीच नसती तर काय, ते लिहा. दुसऱ्या गटाने ती कशी घडली ते लिहिलं. वजाबाकी करणाऱ्यांना जास्त बरं वाटलं, कारण गृहीत धरलेली गोष्ट क्षणभर पुन्हा अचानक झाली. आम्हाला कोकणात ही वजाबाकी पाऊसच करून देतो, लाइट काढून घेतो, रस्ता काढून घेतो, नेटवर्क काढून घेतो. फक्त परत मिळाल्यावर आपण बेरीज करत नाही.

एक सांगायलाच हवं. याने सगळं बरं होतं असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. नंतरच्या आढाव्यांत त्रास लिहिणाऱ्यांऐवजी साधं काहीतरी लिहिणाऱ्यांशी तुलना केली तेव्हा फरक बराच लहान निघाला, आणि डिप्रेशन, चिंता यांच्यावर तर अगदी थोडा. ज्याला झोप लागत नाही, रडू थांबत नाही, त्याला वही देऊ नका, डॉक्टरकडे न्या. आणि ज्याचं खरंच वाईट झालंय, बाग गेली, बोट गेली, त्याला 'जे आहे ते बघ' म्हणणं मला क्रूर वाटतं.

वहीत लिहिल्यावर पुढचा प्रश्न आला की हे त्या माणसांना सांगायचं का. आपल्याकडे घरात, शेजारात थँक्यू म्हणायची रीत नाही, काकींना म्हटलं तर त्या म्हणणार, "मियां काय परकी आसंय?" अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये हेच तपासलं, लोकांना आभाराचं पत्र लिहायला लावून. लिहिणाऱ्यांना वाटत होतं की समोरच्याला अवघडल्यासारखं होईल, प्रत्यक्षात तेवढं अवघड कुणाला वाटलंच नाही, आणि आनंद मात्र लिहिणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा खूप जास्त झाला. म्हणजे आपला अंदाज इथेही चुकतो, पण चांगल्या बाजूने.

शनिवारी बाजारात माटोळीच्या सामानाजवळ आमच्याकडचा वायरमन भेटला, पिशवी घेऊन कांगलीच्या जुड्या चाळत होता. मी वाचलेलं सगळं आठवत होतं तरी तोंड उघडायला जड गेलं. म्हटलं, दादा, गुरुवारी पावसात तुम्ही लाइट आणलीत, तेव्हा काही बोलले नाही, पण घरात सगळ्यांचं अडलं होतं. तो जरा गोंधळला, बहुधा तक्रार असेल असं त्याला आधी वाटलं असावं. मग पिशवी खाली ठेवली आणि सांगायला लागला. "तीन जाग्यार तुटलली वायर. दोन लगेच गावले. तिसरी व्हाळाच्या पल्याड, फणसाची फांदी पडलली, आणि व्हाळाक ह्या पाणी, मगे वरच्या वाडयेतसून फिरान गेलंव." किती वाजता जोडली विचारलं. त्याला पाठ होतं. "सहा वाजान चाळीस मिनटां."

घरी येऊन वहीत ती वेळ लिहिली.