विनाअनुदानित शाळेतून क्लासच्या गल्लीत : शिक्षक-उद्योजकाची पार्श्वभूमी

शाळेतील नोकरी सोडून स्वतःचा क्लास काढणारा आणि पुढे त्याच क्लासच्या बळावर वसतिगृह, अभ्यासिका, कनिष्ठ महाविद्यालय असा पसारा वाढवणारा शिक्षक आज महाराष्ट्रात जवळपास प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी दिसतो. त्याच्याविषयीची चर्चा बहुधा फीपासून सुरू होते आणि फीपाशीच संपते. तो मुळात शाळेच्या वर्गातून बाहेर का पडला, याकडे मात्र फारसे कोणी वळत नाही.

शिक्षकाने पगारापलीकडे कमवावे की नाही, हा वाद जुना आहे. १८८० मध्ये पुण्यात सरकारी नोकरी सोडून आलेल्या एका शिक्षकाने तरुण सहकाऱ्यांसह खासगी इंग्रजी शाळा काढली. छापखाना आणि पुस्तकांचे दुकान हे त्याचे उद्योगही त्याच सुमाराचे. पुढे या मंडळींनी स्थापन केलेल्या संस्थेत, आजीव सदस्यांच्या, म्हणजे संस्थेला आयुष्य वाहिलेल्या शिक्षकांच्या, बाहेरच्या मिळकतीचा प्रश्न इतका चिघळला की १८९० मध्ये एका संस्थापकाने राजीनामा दिला. त्यानंतर दीर्घकाळ शिकवणी घरगुती स्वरूपाचीच राहिली.

खरे वळण आले ते २४ नोव्हेंबर २००१ च्या शासन निर्णयाने. यापुढे नव्या शाळांना परवानगी मिळेल ती 'कायम विनाअनुदान' तत्त्वावरच, असे त्यात ठरले. त्यापूर्वी विनाअनुदानित शाळेत रुजू होणारा शिक्षक काही वर्षे कळ काढत असे, कारण शाळा टप्प्याटप्प्याने अनुदानावर येण्याची आशा त्याला धरता येत होती. 'कायम' या एका शब्दाने ती आशा संपली; शाळा निघायच्या मात्र थांबल्या नाहीत. या शाळांतील शिक्षकाची शैक्षणिक अर्हता अनुदानित शाळेतील शिक्षकाइतकीच होती, तो बोर्डाचे पेपर तपासत होता, निवडणुकीच्या कामालाही जात होता. पगार मात्र संस्थाचालक देईल तेवढा, आणि पुष्कळ ठिकाणी काहीच नाही. अशा शिक्षकाने सकाळी सहाची आणि संध्याकाळी सातची बॅच घेतली, यात लोभ शोधणे अन्यायाचे आहे.

हा निर्णय मागे घेण्याची प्रक्रियाही तितकीच क्लेशदायक ठरली. शाळांच्या बाबतीत 'कायम' हा शब्द २००९ मध्ये वगळण्यात आला. उच्च माध्यमिकसाठी २०१४ उजाडले. शब्द गेल्याने अनुदान आले नाही. आधी मूल्यांकन, मग पात्र शाळांच्या याद्या, त्रुटींची पूर्तता, आर्थिक तरतुदीची प्रतीक्षा आणि दरम्यान आझाद मैदानावरची आंदोलने, असा हा प्रवास चालला. शाळांना पहिले २० टक्के अनुदान २०१६ मध्ये मिळाले, उच्च माध्यमिकला २०१९ मध्ये. म्हणजे २००२ मध्ये पंचविशीत रुजू झालेला कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षक वेतनाचा पाचवा हिस्सा पदरात पडेपर्यंत चाळिशी ओलांडून गेला होता. १ नोव्हेंबर २००५ रोजी शाळा शंभर टक्के अनुदानावर नव्हती, या कारणावरून त्याला जुने निवृत्तिवेतनही नाकारले गेले. त्यातच मे २०१२ पासून शिक्षकभरती जवळजवळ थांबली, त्यामुळे अनुदानित शाळेत जाण्याचा मार्गही उरला नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते आजच्या क्लासचालकांतील एक मोठी पिढी या धोरणाने घडवली आहे, आणि त्यांच्या नियमनाची भाषा बोलताना शासनाने हे विसरता कामा नये.

शिक्षक बाहेर पडला तेव्हा विद्यार्थीही बाहेर पडण्याच्या तयारीत होता. अभियांत्रिकी आणि वैद्यकीयचे प्रवेश बारावीच्या गुणांवर होत तोवर महाविद्यालयातील वर्गाला वजन होते. लातूरची ख्याती याच गुणांवर, महाविद्यालयातच घेतलेल्या जादा तासांवर आणि सराव परीक्षांवर उभी राहिली. १९९९ मध्ये राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, आली. २०१४ मध्ये अभियांत्रिकीसाठी केंद्रीय जेईईचा आधार घेण्यात आला आणि २०१६ मध्ये पुन्हा राज्याच्या सीईटीकडे वळण्यात आले. त्याच वर्षी वैद्यकीयसाठी देशपातळीवरची नीट सक्तीची करण्याचा निर्णय झाला. परीक्षेचा नमुना बदलला की वर्गातील शिक्षक मागे पडत असे, कारण त्याला बोर्डाचाच अभ्यासक्रम पुरा करायचा होता. क्लासचा शिक्षक मात्र पुढच्याच महिन्यात नव्या नमुन्याची टेस्ट सिरीज छापून देत असे. लातुरातील उद्योग भवन परिसर आज 'ट्यूशन एरिया' म्हणून ओळखला जातो. भौतिकशास्त्र एका सरांकडे, जीवशास्त्र दुसऱ्या मॅडमकडे, असे विषयवार क्लास तेथे शेजारी शेजारी चालतात.

कायद्याने या माणसाला तुकड्या-तुकड्यांत ओळखले. करखात्याने २००३ मध्येच व्यावसायिक शिकवणीवर सेवाकर लावला. आज तिच्यावर १८ टक्के जीएसटी आहे, तर शाळेच्या फीवर तो नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने शाळेतील शिक्षकाला खासगी शिकवणीस बंदी केली. हे कलम शिक्षकाला पूर्ण वेतन मिळते असे गृहीत धरते. ते न मिळणाऱ्यापुढे नोकरी किंवा क्लास यांपैकी एकच निवडण्याची वेळ आली, आणि अनेकांनी क्लास निवडला.

२०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याने पुढचे दार उघडले. प्रारंभी न्यास, संस्था आणि ना-नफा कंपन्यांपुरते असलेले हे दार २०१७ च्या दुरुस्तीने इतर कंपन्यांनाही खुले झाले. कालचा क्लासचालक आज अकरावी-बारावीची स्वतःची तुकडी चालवू शकतो. ज्यांच्याकडे अशी परवानगी नाही ते एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयाशी 'इंटिग्रेटेड'चा करार करतात : नाव आणि हजेरी महाविद्यालयात, शिक्षण क्लासमध्ये. हे रोखण्यासाठी जून २०१८ मध्ये विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची झाली. प्रयोगशाळा कुलूपबंद आणि हजेरीपट भरलेला, ही स्थिती अंगठ्याच्या ठशाने पालटण्यासारखी नव्हती, कारण मुलाने महाविद्यालयात थांबावे असे तेथील तासांत फार काही उरले नव्हते.

क्लासच्या नियमनासाठी त्याच वर्षी तयार झालेला राज्याचा मसुदा कायद्यापर्यंत पोहोचला नाही. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने मार्गदर्शक तत्त्वे दिली : सोळा वर्षांखालील विद्यार्थ्यांना प्रवेश नको, शिकवणारा किमान पदवीधर हवा, गुणांची हमी देणाऱ्या जाहिराती नकोत. पन्नासपर्यंत विद्यार्थी असणाऱ्यांना त्यांतून वगळले आहे. आठवी-नववीपासूनच प्रवेश परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या फाउंडेशन बॅच या वयाच्या अटीत बसत नाहीत. परंतु ही तत्त्वे अमलात आणण्याचे काम राज्यांवर सोपवलेले असल्याने त्या बॅचचे प्रवेश थांबलेले नाहीत.