मतदानाच्या दिवशी बूथवर काम करायचंय? पोलिंग एजंटचा नमुना, बाहेरचं टेबल आणि गाडीचे नियम

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत कोल्हापूरच्या करवीर मतदारसंघात ८४ टक्क्यांच्या वर मतदान झालं. मुंबईच्या कुलाब्याने ४५ टक्केही गाठले नाहीत. यादीत नाव असून घरी बसलेल्यांना केंद्रापर्यंत आणायचं, हे मतदानाच्या दिवशी कार्यकर्त्याचं खरं काम. पण नुसता उत्साह घेऊन केंद्राच्या फाटकाशी उभं राहिलात तर पहिल्या तासातच पोलीस हटकतील. कुठे बसायचं, कोणता कागद जवळ ठेवायचा, गाडीत कोणाला घ्यायचं नाही, हे सगळं आधीच ठरलेलं आहे.

खालची माहिती लोकसभा आणि विधानसभेसाठी आहे. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्यासाठी वेगळे आदेश काढतो, त्यामुळे तेव्हा ते पाहावेत.

आत बसायचं असेल तर

कागदोपत्री नाव ‘मतदान प्रतिनिधी’, बोलताना सगळेच पोलिंग एजंट म्हणतात. प्रत्येक उमेदवाराला एका केंद्रासाठी एक एजंट आणि दोन बदली एजंट नेमता येतात. आत मात्र एका वेळी एकालाच बसता येतं.

एजंट त्याच मतदान केंद्राचा किंवा त्याच मतदारसंघातल्या शेजारच्या केंद्राचा मतदार असावा, ही मूळ अट. तसा माणूस मिळालाच नाही तर त्या विधानसभा मतदारसंघातला कोणीही मतदार चालतो. म्हणजे पुण्यात नाव असलेल्याने बारामतीत जाऊन मित्रासाठी एजंट व्हायचं म्हटलं तर जमणार नाही. मंत्री, खासदार, आमदार आणि सुरक्षारक्षक दिमतीला असलेल्या व्यक्तींना एजंट होता येत नाही. सरकारी नोकराला तर हे पूर्ण वर्ज्य आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३४ अ नुसार त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ‘सुट्टीच आहे, दोन तास बसतो’ म्हणणाऱ्या सरकारी नोकरीतल्या भावाला आधीच घरी बसवा.

अर्ज म्हणजे नमुना १०. याला फी नाही, ऑनलाइन भरणं नाही, तहसील कार्यालयाचा शिक्काही नाही. उमेदवार किंवा त्याचा निवडणूक प्रतिनिधी सही करून हा नमुना एजंटच्या हातात देतो. एजंट तो मतदानाच्या सकाळी केंद्राध्यक्षाकडे देतो आणि त्याच्यासमोर गुप्ततेच्या प्रतिज्ञेवर सही करतो. इथे गाडी अडते ती नेहमी सहीवरून. उमेदवाराच्या आणि त्याच्या प्रतिनिधीच्या सहीचा नमुना केंद्राध्यक्षाकडे आधीच आलेला असतो. नमुना १० वरची सही त्याच्याशी जुळली नाही तर प्रवेश मिळत नाही. आदल्या रात्री घाईघाईत कार्यालयातल्या कोणीतरी ‘साहेबांची सही’ ठोकून दिलेले कागद सकाळी परत येतात ते यामुळेच. सोबत मतदार ओळखपत्र ठेवा.

वेळ सांभाळा. मतदान सातला सुरू होणार असेल तर अभिरूप मतदान, म्हणजे मॉक पोल, साडेपाचला. एजंट आले नाहीत तर केंद्राध्यक्ष पंधरा मिनिटं थांबतो आणि मग त्यांच्याविना सुरू करतो. या मॉक पोलमध्ये किमान ५० मतं टाकली जातात. कंट्रोल युनिटवरचा, म्हणजे मतं साठवणाऱ्या यंत्रावरचा निकाल आणि व्हीव्हीपॅटमधल्या, म्हणजे मत कोणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्रातल्या चिठ्ठ्या जुळवून पाहतात, नंतर यंत्रातला आकडा शून्यावर आणतात आणि चिठ्ठ्या काढून काळ्या पाकिटात सीलबंद करतात. दिवसभरात एजंटच्या डोळ्यांचं खरं काम हेच. मतदान यंत्राला लावायच्या हिरव्या कागदी सीलवर सही करताना त्याचा क्रमांक वहीत उतरवून घ्या, मोजणीच्या टेबलावर तो लागतो.

आत बसून एखादा मतदार बोगस वाटला तर दोन रुपये भरून आक्षेप घेता येतो आणि केंद्राध्यक्ष तिथेच चौकशी करतो. पण यादीची प्रत बाहेर न्यायची नाही. कोणी मत दिलं, कोणी दिलं नाही याच्या अनुक्रमांकाच्या चिठ्ठ्या बाहेर पाठवायलाही मनाई आहे. बाहेरच्या लोकांना दुपारी नेमकी हीच माहिती हवी असते आणि खिडकीतून चिठ्ठी सरकवायचा मोह इथेच होतो. तो टाळावा, कारण आतली गुप्तता मोडणं हा कलम १२८ खाली गुन्हा आहे. राहिलेल्यांचा हिशेब बाहेर बसलेल्यांनी दारोदार विचारून आणि बोटावरची शाई पाहून ठेवायचा.

संध्याकाळी निघायची घाई करू नका. सहाला रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला केंद्राध्यक्ष चिठ्ठ्या देतो आणि त्या शेपटापासून सुरुवात करून वाटतो, म्हणजे मागून कोणी घुसत नाही. शेवटचं मत पडलं की १७ सी नमुन्यात झालेल्या मतांची नोंद होते. त्याची प्रत मागा आणि सही करून घ्या. ती न घेता उठलेला एजंट दिवसभर बसून काही कमावत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाहेरचं टेबल

प्रचाराला केंद्रापासून १०० मीटरच्या आत बंदी आहे. उमेदवाराचं टेबल पूर्वी २०० मीटरच्या पलीकडे लावावं लागे. मे २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने ते अंतर १०० मीटर केलं. टेबल लावायचं तर स्थानिक स्वराज्य संस्थेची लेखी परवानगी हवी, आणि ती टेबलावरच ठेवा, कारण पोलीस पहिल्यांदा तीच मागतात. कोणत्या केंद्रांबाहेर टेबल लागणार हे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला आधी लेखी कळवायचं असतं. एका शाळेत चार केंद्रं असली तरी उमेदवाराचं टेबल एकच. त्यावरचा चहा-वडापावसुद्धा उमेदवाराच्या खर्चात धरला जातो.

टेबलावरून मतदाराला जी चिठ्ठी द्याल ती कोऱ्या पांढऱ्या कागदावर. नाव, यादीतला अनुक्रमांक, भाग क्रमांक, केंद्र इतकंच, चिन्ह नाही, उमेदवाराचं नाव नाही. ही चिठ्ठी ओळखपत्र नव्हे, आणि बीएलओने, म्हणजे केंद्रस्तरीय निवडणूक अधिकाऱ्याने दिलेली मतदार माहिती चिठ्ठीदेखील नव्हे. ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँक किंवा पोस्टाचं पासबुक, मनरेगा जॉब कार्ड असे पर्याय चालतात. उलट, ओळखपत्र खिशात आहे पण नाव यादीत नाही, तर मत देता येत नाही. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की नवीन नावही चढत नाही. मतदाराशी हुज्जत घालण्यात वेळ घालवू नका.

आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं, असं सांगत कोणी चिडून परत आलं तर त्याला पुन्हा आत पाठवा. ओळख पटली की त्याला कागदी मतपत्रिकेवर प्रदत्त मत देता येतं. हे माहीत नसल्यामुळे लोक शिव्या देत घरी जातात.

गाडी

सर्वात जास्त गफलत इथे होते. उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने दुसऱ्या कोणी मतदारांना केंद्रावर आणण्या-नेण्यासाठी फुकट गाडी पुरवणं हा कलम १२३ (५) खाली भ्रष्ट आचार आहे. त्यावरून निवडून आलेल्याची निवडणूकही रद्द होऊ शकते, आणि कलम १३३ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद वेगळी. गाडी भाड्याची नाही, घरचीच आहे, हा बचाव चालत नाही. मतदाराने स्वतःच्या गाडीतून घरच्यांना घेऊन यायला हरकत नाही. ‘आजींना रिक्षातून सोडून येतो’ असं म्हणणाऱ्या कार्यकर्त्याचा हेतू चांगला असतो, पण अडचणीत उमेदवार येतो.

पक्षाशिवाय मदत करायची असेल तर

मला विचाराल तर पहिल्यांदा उतरणाऱ्याने हीच वाट धरावी. एनएसएस, एनसीसीचे विद्यार्थी केंद्रावर व्हीलचेअर ढकलण्यापासून रांग लावण्यापर्यंत काम करतात, तुमच्या महाविद्यालयातून नाव देता येतं. जिल्ह्याच्या मतदार जागृती कार्यक्रमाला, म्हणजे स्वीपला, सोसायट्या आणि संस्थांची मदत लागते. अपंग मतदाराला व्हीलचेअर किंवा वाहन हवं असेल तर त्याची मागणी ‘सक्षम’ ॲपवर नोंदवून द्या. माहिती लागल्यास हेल्पलाइन १९५०.

अंध किंवा दुर्बल मतदाराला बटण दाबता येत नसेल तर त्याला सोबती नेता येतो. सोबत्याचं वय १८ पूर्ण हवं, आणि त्या दिवशी त्याला एकाच मतदाराचा सोबती होता येतं, तसं त्याच्याकडून लिहून घेतात. त्यामुळे वृद्धाश्रमातल्या दहा जणांसाठी एक स्वयंसेवक, असा हिशेब मांडू नका.

८५ वर्षांवरील आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना घरूनच मत देता येतं. त्यासाठीचा १२ डी अर्ज निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत भरायचा असतो आणि बीएलओ तो घरी आणून देतो. इमारतीतल्या कोणत्या आजी-आजोबांना तो लागेल याची यादी अधिसूचनेच्या आधीच करून ठेवा. मतदानाच्या दिवशी सकाळी विचारायला गेलात तर त्यांच्यासाठी काही करता येणार नाही.